एक रबर म्हणजे किती सामने?

सिनॉप्सिसमध्ये ‘संज्ञांच्या कार्यात्मक व्याख्या’ नावाचं एक शीर्षक असतं. बहुतेक जण तिथे शब्दकोश उघडतात, एक ओळ उतरवतात आणि पुढे सरकतात. आरआरसीसमोर त्या पानावर सहसा कुणी थांबत नाही, त्यामुळे खपूनही जातं. खरी अडचण दीड वर्षानं येते, डेटा गोळा करायला बसल्यावर. तेव्हा कळतं की आपण ज्या गोष्टी मोजतोय त्या एकाच जातीच्या नाहीत.

हे समजावून सांगायला मी खेळातला एक साधा शब्द घेतोय: रबर. टेनिस, बॅडमिंटन आणि ब्रिज, तिन्हीकडे तो गुणांच्या हिशेबात येतो. समजा तुमचा विषय आहे ‘निर्णायक क्षणी भारतीय खेळाडूंची कामगिरी’. विषय चांगला आहे आणि मार्गदर्शकही खूश आहेत. तुम्ही जुन्या बातम्या, निकालपत्रकं, समालोचनं गोळा करता आणि प्रत्येक ठिकाणी लिहिलेलं असतं: अमक्यानं रबर जिंकलं. तक्त्यात एक रकाना करून तुम्ही आकडे भरायला घेता. आता प्रश्न असा, की एक रबर म्हणजे किती सामने?

ब्रिजपासून सुरुवात करू, कारण तिथे उत्तर पक्कं आहे. ब्रिज येत नसेल तरी हरकत नाही, मेंढीकोट खेळला असाल तर पुरे. चार जण, समोरासमोर बसलेल्या दोन जोड्या, प्रत्येकाला 13 पानं, म्हणजे एकूण 13 हात. आधी बोली लागते. ‘चार इस्पिक’ अशी बोली म्हणजे इस्पिक हुकूम धरून सहा अधिक चार, असे दहा हात आम्ही करू, हे वचन. वचन पाळलं तर सहाच्या वरच्या प्रत्येक हाताला गुण मिळतात: किलवर आणि चौकटला 20, बदाम आणि इस्पिकला 30, नो ट्रम्पमध्ये पहिल्याला 40 आणि पुढच्यांना 30. म्हणजे चार इस्पिकचे 120. हे गुण कागदावर आडव्या रेघेच्या खाली लिहितात. रेघेखाली 100 किंवा त्याहून जास्त जमले की एक ‘गेम’ झाला. जी जोडी आधी दोन गेम करेल तिचं रबर. तीनपैकी दोन, इतकं सोपं. प्रतिस्पर्ध्याचा एकही गेम नसताना रबर झालं तर 700 गुणांचं बक्षीस, त्यांचाही एक गेम असेल तर 500.

म्हणजे ब्रिजमध्ये रबर हा सामना नाही, ती एक छोटी मालिका आहे. तिला स्मरणशक्तीही आहे. एक गेम जिंकलेली जोडी ‘व्हल्नरेबल’ होते, म्हणजे तिथून पुढे बोली चुकली तर दंड वाढतो. साधी बोली एका हातानं हुकली तर एरवी 50 गुण जातात, व्हल्नरेबल असताना 100. हॅरॉल्ड व्हॅन्डरबिल्ट यांनी 1925 मध्ये बोटीच्या प्रवासात आजच्या कॉन्ट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धत बसवली, त्यातली ही सगळ्यात चतुर गोष्ट, असं मला वाटतं. पुढे असलेल्यालाच धोका जास्त. आपल्याकडे सापशिडीत 98 वर साप असतो, साधारण तसंच.

आता संशोधक म्हणून इथे जरा थांबा. रबर जिंकणारी जोडी शेवटी गुणांनीही पुढे असते का? दर वेळी नाही. कागद घ्या आणि मांडून बघा. अ जोडीनं चार इस्पिक करून 120 मिळवले. एक गेम झाला, जोडी व्हल्नरेबल झाली. पुढच्या डावात हाव सुटली, मोठी बोली लावली, ब जोडीनं ‘डबल’ म्हटलं आणि अ जोडीचे चार हात कमी पडले. व्हल्नरेबल आणि डबल असताना पहिल्या हाताचे 200, पुढच्या प्रत्येकाचे 300. म्हणजे ब जोडीला 1100. तिसऱ्या डावात अ जोडीनं तीन नो ट्रम्प केले, 100 गुण. दुसरा गेम झाला, रबर अ जोडीचं, बक्षीस 700. बेरीज करा: अ जोडी 920, ब जोडी 1100. ऑनर्सचे गुण मुद्दाम सोडून दिलेत, हिशेब सुटसुटीत राहावा म्हणून. रबर अ जोडीनं जिंकलं आणि पैसे लावून खेळत असतील तर घरी पैसे ब जोडी घेऊन गेली.

तेव्हा ‘रबर जिंकलं’ आणि ‘फायद्यात राहिले’ हे दोन वेगळे चल आहेत. तुमच्या तक्त्यात एकच रकाना असेल तर यातला एक हरवला.

स्पर्धांमध्ये मात्र हे रबर ब्रिज खेळत नाहीत. तिथे डुप्लिकेट ब्रिज असतं: तीच पानं वेगवेगळ्या टेबलांवर फिरतात, प्रत्येक डाव स्वतंत्र धरतात, कोण व्हल्नरेबल हे बोर्डाच्या क्रमांकावरून आधीच ठरलेलं असतं. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिवनाथ सरकार यांनी पुरुष जोडीचं सुवर्ण जिंकलं. त्यांनी तिथे किती रबरं जिंकली, असा प्रश्न तुमच्या प्रश्नावलीत असेल तर त्याला उत्तर शून्य नाही, ‘लागू नाही’ हे उत्तर आहे. शून्य आणि लागू नाही यातला फरक एक्सेलला कळत नाही, तो तुम्हालाच कळायला हवा. गंमत म्हणजे रबर गेलं तरी त्याची सावली राहिली. डुप्लिकेटमध्ये गेम केल्याचं बक्षीस व्हल्नरेबल नसताना 300 आणि असताना 500 असतं. रबराच्या काळातली जोखीम त्या आकड्यांत अजून मुरलेली आहे.

आता टेनिसकडे या. डेव्हिस करंडक स्पर्धा 1900 साली सुरू झाली. दोन देशांमधल्या पूर्ण लढतीला तिथे ‘टाय’ म्हणतात आणि तिच्यातल्या एकेका सामन्याला रबर. वर्षानुवर्षं पद्धत अशी होती: शुक्रवारी दोन एकेरी, शनिवारी दुहेरी, रविवारी परतीच्या दोन एकेरी. पाच रबरं, तीन जिंकली की लढत खिशात.

ब्रिजशी ताडून बघा. तिकडे रबर म्हणजे संपूर्ण मालिका, इकडे रबर म्हणजे मालिकेतला एक सामना. शब्द तोच, पण एक पायरी खाली घसरलेला. डिसेंबर 1966 मध्ये कोलकात्यात भारत आणि ब्राझील 2-2 बरोबरीत होते. पाचव्या रबरात रामनाथन कृष्णन थॉमस कॉखविरुद्ध दोन सेट विरुद्ध एक असे मागे होते आणि चौथ्या सेटमध्ये 2-5 पिछाडीवर. तिथून त्यांनी सामना काढला आणि भारत पहिल्यांदा डेव्हिस करंडकाच्या अंतिम फेरीत गेला. तुमच्या ‘निर्णायक क्षण’ या विषयासाठी याहून बोलकं उदाहरण मिळणार नाही. आणि इथे रबर म्हणजे एक सामना, दोन माणसं, एक निकाल.

क्रिकेटनं तर कमाल केली आहे. इंग्रजी क्रिकेटलेखनात रबर म्हणजे कसोटी मालिका. अजित वाडेकरांच्या संघानं 1971 मध्ये आधी वेस्ट इंडिजमध्ये पाच कसोटींचं रबर 1-0 असं जिंकलं, मग इंग्लंडमध्ये तीन कसोटींचं, तेही 1-0. पण तेच लेखक मालिकेचा निकाल लागल्यावर उरलेल्या कसोटीला ‘डेड रबर’ म्हणतात. म्हणजे जिवंत असताना रबर ही मालिका आणि मेल्यावर एक सामना! कुणालाही त्यात खटकत नाही, कारण बोलताना संदर्भ सांभाळून घेतो. तक्ता सांभाळून घेत नाही.

बॅडमिंटनमध्ये तिसराच अर्थ भेटतो. दोघांनी एकेक गेम जिंकला की तिसऱ्या, निर्णायक गेमला ‘रबर गेम’ म्हणतात. इंडोनेशियातल्या बातम्यांत हा शब्द तुम्हाला पदोपदी दिसेल. इथे रबर मालिकाही नाही आणि सामनाही नाही, तो सामन्याच्या आतला शेवटचा तुकडा आहे.

यात आपण हसण्यासारखं काही नाही. मराठीत ‘डाव’ घ्या. पत्त्यांत एकदा पानं वाटून संपेपर्यंतचा खेळ म्हणजे डाव. क्रिकेटमध्ये एका संघाची पूर्ण फलंदाजी म्हणजे डाव. कुस्तीत धोबीपछाड हाही डाव, आणि आमटी वाढायचा तोही डावच. कुणी म्हणालं ‘पहिला डाव हुकला’, तर खेळ कोणता हे विचारल्याशिवाय तुम्ही काहीच मोजू शकत नाही.

एवढे अर्थ झाले कसे? इथे मोह होतो व्युत्पत्तीकडे धावायचा. प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात ‘या शब्दाचा उगम अमुक भाषेतून’ असं वाक्य टाकायची आपल्याला भारी हौस. तर आधी ते तपासून बघू.

मराठी माणसाला पहिली शंका येते ती खोडरबराची. हरलेला म्हणतो, चला, मागचं पुसून टाकू, पुन्हा खेळू. पाटी कोरी, म्हणून रबर. ऐकायला झकास आहे. आता याला तारखेची कसोटी लावा. शिसपेन्सिलीच्या रेघा पुसायला उत्तम असा एक पदार्थ लंडनमध्ये विकत मिळतो, अशी नोंद जोसेफ प्रीस्टली यांनी 1770 मध्ये केली. अर्ध्या इंचाचा एक ठोकळा तीन शिलिंगांना. हा पदार्थ घासून पुसतो म्हणून त्याला रबर हे नाव चिकटलं. आणि खेळातलं रबर? ते इंग्रजीत 1600 च्या आसपास सापडतं, तेही टेनिसमध्ये किंवा पत्त्यांत नाही, तर बोल्समध्ये. हिरवळीवर जड गोळे घरंगळवायचा तो खेळ, ज्यात आपल्या चार महिलांनी 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. तिथून तो शब्द व्हिस्टसारख्या पत्त्यांच्या खेळात गेला, व्हिस्टमधून ब्रिजमध्ये. म्हणजे खेळातलं रबर खोडरबरापेक्षा सुमारे 170 वर्षांनी थोरलं. नातवावरून आजोबांचं नाव ठेवलं असं म्हणण्यासारखं झालं ते.

पण घाई करू नका. तारखेनं नेमकं काय मोडलं? रबर नावाच्या पदार्थाशी जोडलेली गोष्ट मोडली. ‘घासणे’ या क्रियापदाशी जोडलेली मोडली नाही, कारण घासायचं फडकं किंवा ब्रश या अर्थी रबर हा शब्द त्याआधीही इंग्रजीत होता. तेव्हा ‘बोल्समधले गोळे एकमेकांना घासतात, त्यावरून आलं’ असं म्हणणारा माणूस तारखेच्या परीक्षेत पास होतो. पास होतो म्हणजे सिद्ध झालं असंही नाही. गोळे घासले यावरून ‘तीनपैकी दोन’ हा अर्थ कसा निघाला, ही मधली कडी दाखवणारा एकही जुना उतारा पुढे आलेला नाही. शिवाय जुन्या लेखनात हा शब्द ‘रबर्स’ अशा अनेकवचनी दिसणाऱ्या रूपात येतो, पण अर्थ मात्र एकवचनी. घासणारी वस्तू इतकंच मूळ असेल तर हे रूप का, याचंही उत्तर द्यावं लागतं. म्हणूनच मोठे कोश इथे ‘उगम अज्ञात’ लिहितात.

‘उगम अज्ञात’ हे दोन शब्द लिहायला आपल्याकडे हिंमत लागते. काहीच न केल्यासारखं वाटतं. खरं तर तीन शक्यता तपासल्या, एक तारखेनं बाद झाली, दुसरी पुराव्याअभावी टांगून राहिली, तिसरी म्हणजे हा दुसराच कुठला शब्द असून त्याचं रूप बिघडलं, तीही तशीच टांगलेली, हा सगळा हिशेब त्या दोन शब्दांच्या मागे असतो. तो हिशेब अर्ध्या पानात मांडा. व्हायवाला बाहेरचे परीक्षक तिथे नक्की विचारतील आणि तेव्हा तुमच्याकडे सांगायला काहीतरी असेल. टेनिसमधल्या शून्याला ‘लव्ह’ का म्हणतात याचंही असंच आहे. फ्रेंच अंड्याची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, पुरावा कुणाकडे नाही.

आणि व्युत्पत्ती सापडली असती तरी तुमचा तक्ता सुटला नसता. बोल्समध्ये 1600 साली रबर म्हणजे काय होतं, यावरून पुण्यातल्या एखाद्या लढतीतलं पाचवं रबर कोणत्या रकान्यात टाकायचं हे ठरत नाही. ते नियमावरून ठरतं.

पुण्याचं उदाहरण मुद्दाम घेतोय. फेब्रुवारी 2017 मध्ये बालेवाडीला भारत आणि न्यूझीलंड यांच्यात डेव्हिस करंडकाची लढत झाली. पहिल्या दिवशी युकी भांब्री आणि रामकुमार रामनाथन यांनी आपापल्या एकेरी जिंकल्या, 2-0. दुहेरीत लिअँडर पेस आणि विष्णू वर्धन हरले. पेस यांचा डेव्हिस करंडकातला दुहेरीचा 43 वा विजय, म्हणजे विश्वविक्रम, तिथे हुकला. तो पुढच्या वर्षी चीनमध्ये झाला. रविवारी रामकुमारनं चौथं रबर जिंकलं, 3-1, लढत संपली. मग युकीनं पाचवंही जिंकलं आणि निकालपत्रकात आलं 4-1.

हे पाचवं रबर ‘डेड’. असे सामने पाचऐवजी तीनच सेटचे खेळवत. खेळाडू तेच, कोर्ट तेच, पण हरण्यानं काही बिघडणार नाही. तुम्ही युकीच्या नावापुढे दोन विजय लिहिलेत तर आकडा बरोबर आहे. पण विषय ‘निर्णायक क्षण’ असेल तर त्यातला एकच तुमच्या कामाचा.

याच्या उलट बाजूही बघा. 2022 च्या थॉमस करंडकात साखळी फेरीत भारतानं जर्मनीला 5-0 असं हरवलं आणि बँकॉकच्या अंतिम सामन्यात इंडोनेशियाला 3-0. फरक मोजाल तर जर्मनीवरचा विजय मोठा दिसतो. पण साखळीत पाचही सामने खेळवतात आणि बाद फेरीत तीन जिंकले की थांबतात. लक्ष्य सेन, सात्त्विक-चिराग आणि श्रीकांत यांनी पहिले तीनही जिंकल्यामुळे उरलेले दोन झालेच नाहीत. मेलेली रबरं एका फेरीत मोजली जातात, दुसऱ्या फेरीत जन्मालाच येत नाहीत. विजयाच्या फरकाची सरासरी काढून ‘भारत दुबळ्या संघांविरुद्ध जास्त वर्चस्व गाजवतो’ असा निष्कर्ष तुम्ही काढलात, तर त्यातला काही भाग खेळाचा असेल आणि काही नुसता नियमपुस्तिकेचा. कोणता किती, हे नंतर वेगळं करता येत नाही. म्हणून ‘खेळला गेला का’ आणि ‘त्या वेळी लढतीचा निकाल लागलेला होता का’ हे दोन रकाने पहिल्या दिवसापासून ठेवा. कंटाळवाणं काम आहे, पण 200 लढती भरून झाल्यावर मागे फिरणं त्याहून वाईट.

डेड हा शब्दही वाटतो तितका सरळ नाही. कुणासाठी डेड, हे विचारायला हवं. 2019 पासून डेव्हिस करंडकाची अंतिम स्पर्धा नव्या रूपात आली. लढतीत पाचऐवजी तीन रबरं, दोन एकेरी आणि एक दुहेरी. माद्रिदमध्ये तीन-तीन संघांचे सहा गट होते. प्रत्येक गटातला पहिला पुढे, आणि सगळ्या गटांतल्या दुसऱ्या क्रमांकांपैकी सर्वांत सरस दोघे पुढे. कॅनडानं अमेरिकेविरुद्ध दोन्ही एकेरी जिंकून लढत खिशात घातली आणि दुहेरी खेळायला ते उतरलेच नाहीत. अमेरिकेच्या खात्यात 6-0, 6-0 असा विजय लिहिला गेला. कॅनडासाठी ते रबर मेलेलं होतं. पण दुसऱ्या क्रमांकांची तुलना करताना सेट आणि गेमही मोजले जाणार होते. त्यामुळे इतर गटांत घाम गाळून दुसरं स्थान मिळवू पाहणाऱ्या संघांसाठी ते चांगलंच जिवंत होतं.

म्हणजे ‘डेड’ हा सामन्याचा गुण नाही, तो सामना, संघ आणि स्पर्धेची रचना यांच्यातला संबंध आहे. तुमच्या व्याख्येत तसंच यायला हवं. माझ्या कच्च्या मसुद्यात ती सध्या अशी आहे: ‘प्रस्तुत अभ्यासात रबर म्हणजे दोन संघांच्या लढतीतील एक स्वतंत्र सामना; ज्या रबराच्या निकालाने सहभागी दोन संघांपैकी कोणाचीही आगेकूच बदलू शकत नाही ते निष्प्रभ रबर; न खेळता बहाल केलेली रबरं स्वतंत्रपणे नोंदवली आहेत.’ ब्रिज या व्याख्येबाहेर राहतं आणि ते तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. माद्रिदची ती दुहेरी ‘बहाल’ या रकान्यात जाते, कारण अमेरिकेची आगेकूच तिच्यावर अवलंबून असू शकली असती, म्हणून ती निष्प्रभ नाही, आणि ती खेळली गेली नाही, म्हणून ती कामगिरीही नाही. तिसऱ्याच संघांवर झालेला परिणाम या व्याख्येत अजून बसत नाही. तुम्हाला बसवता आला तर कळवा.